यंत्रमागाच्या आवाजाची ‘सवय’ होते, म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इचलकरंजीत ३२ साध्या मागांचा कारखाना, वडिलांकडून आता मुलाने हाती घेतलेला. त्याने दोनदा इअरप्लग आणून वाटले, दोन्ही वेळा आठवड्याभरात ते कोनाड्यात पडले. कामगार म्हणतात, “आम्हाला सवय आहे.” वडीलही तेच म्हणतात. बावन्न वर्षांचा एक जुना कामगार मात्र हल्ली मागून हाक मारली तर वळून बघत नाही. यावर खरोखर चालेल असा काही उपाय आहे का, आणि त्या माणसाचं काय करायचं?

मी २४ वर्षं कारखान्यांमध्ये आवाज मोजते आणि कामगारांचे कान तपासून घेते. त्यातली बरीच वर्षं मागांच्या शेडमध्ये गेली. त्यामुळे सुरुवात तुमच्या वडिलांच्या वाक्यापासूनच करते.

नवीन पोरगा शेडमध्ये येतो तेव्हा पहिले काही दिवस त्याचं डोकं भणभणतं. घरी गेल्यावरही कानात शिट्टी वाजत राहते, माणसांचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. सकाळपर्यंत ते ओसरतं. काही महिन्यांनी शिट्टी जाणवेनाशी होते, आवाजाचा त्रासही वाटत नाही. याला आपण सवय म्हणतो. मनाला सवय होते हे खरं आहे, पण कानाला होत नाही. आतल्या कानात, शंखासारख्या नळीत, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीचं मज्जातंतूच्या संदेशात रूपांतर करायचं काम त्या करतात. थोडा वेळ मार बसला तर त्या थकतात आणि शांततेत सावरतात. रोज मार बसला तर मरतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत, त्यांच्यासाठी औषध नाही, शस्त्रक्रियाही नाही. आवाजाचा त्रास कमी वाटू लागला याचा एक अर्थ असाही असतो की तो आवाज ऐकणाऱ्या पेशीच कमी झाल्या.

आणि त्या जातात ठरावीक क्रमाने. सगळ्यात आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं. कान तपासून काढलेल्या आलेखात तिथे एक खळगा दिसतो आणि ८००० ला रेघ पुन्हा थोडी वर येते. दोन्ही कानांत सारखा असा खळगा दिसला आणि माणूस वर्षानुवर्षं गोंगाटात काम करत असेल, तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पण माणसाला स्वतःला काहीच कळत नाही, कारण बोलण्यातला ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ खालच्या पट्टीत असतो आणि तो अजून ठणठणीत ऐकू येतो. जातात ते ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’, ‘फ’. ‘साठ’चं ‘आठ’ होतं. म्हणून ही माणसं “मला ऐकू येत नाही” असं कधीच म्हणत नाहीत. ती म्हणतात, “हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.” घरी टीव्हीचा आवाज वाढतो, फोन नकोसा होतो, लग्नाच्या पंगतीत माणूस नुसता मान डोलावतो.

एका जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची, गोष्ट सांगते. माग कुठे बिघडलाय हे तो कानाने ओळखायचा, साऱ्या गल्लीत त्याचं नाव होतं. मी भेटले तेव्हा तो मागाच्या सांगाड्यावर तळवा ठेवून दुखणं शोधत होता. मला वाटलं हे अनुभवाचं कसब असेल. त्याने सांगितलं, “कानाने कळायचं बंद झालं, म्हणून हाताने करतो.” केव्हापासून, ते त्यालाही सांगता आलं नाही.

यात नवीन काही नाही, हेच जास्त टोचतं. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले, तर एकाचंही ऐकणं धड नव्हतं. स्कॉटलंडमधल्याच डंडी शहरातल्या तागाच्या विणकर बायकांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. तिथला आवाज १०० डेसिबलच्या आसपास, म्हणजे आपल्या साध्या मागांच्या शेडसारखाच. त्या अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: वरच्या पट्टीतलं नुकसान सगळ्यात वेगाने पहिल्या १०-१५ वर्षांतच होतं. बोलणं समजायला अडचण येते ती पुढे, वीसेक वर्षांनी. म्हणजे तुमच्या बावन्न वर्षांच्या कामगाराचे कान खरे गेले ते तो पंचविशी-तिशीत असताना, आणि आज तुमच्याकडे जो बावीस वर्षांचा आहे त्याचे आत्ता जात आहेत. वाटप करताना आपण जुन्या माणसांकडे आधी जातो, पण घाई तरुणांची आहे.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. त्यानंतर इतक्या पिढ्या या आवाजात गेल्या, म्हणून तो हवेसारखा वाटतो. जरा आकड्यांत बघू. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिका मारतो, म्हणजे तितक्या वेळा आडवा धागा टाकतो. प्रत्येक पिकेला तो धागा नेणारा धोटा एका पेटीतून ठोकला जातो आणि दुसऱ्या पेटीत आपटून थांबतो. बारा तासांच्या पाळीत एका मागाचे लाखभर ठोके होतात, आणि कामगार असे चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो. अशा शेडमध्ये, कामगाराच्या कानाशी, मला बहुतेक वेळा ९५ ते १०२ डेसिबल मिळाले आहेत.

केंद्राच्या आदर्श कारखाना नियमांतली मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे. ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोन तास, आणि ११५ च्या वर क्षणभरही नाही. बारा तासांच्या पाळीला हाच हिशेब लावला तर मर्यादा ८७ वर येते. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था, नायोश, याहून कडक शिफारस करते: आठ तासांना ८५, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं. मी स्वतः ८५ चीच शिफारस धरते, कारण ऊर्जेचं गणित तसंच चालतं. ३ डेसिबल वाढले म्हणजे कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. ८५ आणि १०० या आकड्यांत फारसं अंतर वाटत नाही, पण ऊर्जेचा फरक ३२ पट आहे.

बारा तासांच्या पाळीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जास्त वेळ मार तर बसतोच, शिवाय सावरायला मिळणारे शांततेचे तास कमी होतात. सोळाचे बारा होतात. त्यातही माणूस डबा शेडमध्येच मागांच्या मध्ये बसून खात असेल आणि घरी जाताना कानात इअरफोन घालून गाणी लावत असेल, तर उरतं काय?

आता उपायांकडे येते. प्लग वाटण्यापासून सुरुवात केलीत, ती मी शेवटी ठेवली असती. आधी मोजा. मोबाइलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो, त्यावर निर्णय घेऊ नका. आवाज मोजायचा चांगला मीटर असलेला माणूस दिवसभरासाठी बोलवा, मोजणी कामगाराच्या कानाच्या उंचीवर, तो जिथे उभा असतो तिथे करा आणि शेडचा नकाशा करून त्यावर आकडे लिहा. नकाशा बघितल्यावर तुम्हालाच दिसेल की सगळे माग सारखे ओरडत नाहीत. चार-पाच माग बाकीच्यांपेक्षा ३-४ डेसिबलने जास्त निघतात. जाऊन बघितलं की पिकर झिजलेला असतो, बफर वाळून दगड झालेला असतो, क्रँकचे बुश ढिले, गिअरचे दात खाल्लेले, वरचा पत्रा सुटून थरथरणारा. पेटी झिजली की धोटा नीट बसत नाही, मग जॉबर ठोक वाढवून ठेवतो. त्याने आवाजही वाढतो आणि सामानही लवकर मोडतं. असे माग आधी दुरुस्त करा. हा खर्च कामगारांच्या कानासाठी म्हणून वडिलांना पटला नाही, तर मागाच्या आयुष्यासाठी म्हणून पटवा. दोन्ही खरं आहे. पण अपेक्षा ठीक ठेवा: दुरुस्तीने शेड शांत होत नाही. मला चांगल्या देखभालीने ३ डेसिबलपर्यंत उतार मिळालेला आहे, आणि ऊर्जेच्या हिशेबात तो निम्मा आहे.

छताला काही लावावं का, असं पुष्कळजण विचारतात. सिमेंटच्या पत्र्याखाली आणि गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज आपटत राहतो, हे बरोबर. खनिज लोकरीचे पातळ आवरणात गुंडाळलेले पॅनल टांगले तर लांबच्या मागांचा आवाज कमी होतो, पण कामगाराच्या कानापासून दोन हातांवर असलेल्या मागाचा होत नाही. तेव्हा पैसे मर्यादित असतील तर हे आधी करू नका. आणि थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला अजिबात लावू नका. त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही, कापसाचं भुस्कट मात्र अडकतं आणि एका ठिणगीत सगळं पेटतं.

त्याच पैशात भिंत बांधा. तुमच्या शेडमध्ये धोट्यासाठी धाग्याच्या कांड्या भरणारं कांडी मशीन, कापडाची घडी घालायची जागा, दिवाणजींचं टेबल हे सगळं मागांच्या रांगेतच असेल, बहुतेक ठिकाणी असतं. कांडीवर बसणाऱ्या बायकांचा मागाशी संबंध नाही, तरी बारा तास त्यांच्या कानावर तोच आवाज. नऊ इंची विटांची भिंत छतापर्यंत नेली, दाराला घट्ट बसणारी फळी लावली, तर त्यांच्या बाजूचा आवाज इतका पडतो की आपण बोलू शकतो. शेडमध्ये मी सुचवलेल्या कामांपैकी सगळ्यात जास्त माणसांना सगळ्यात लवकर उपयोग झाला तो याचा. जेवायची आणि चहाची जागाही भिंतीपलीकडेच करा.

भुस्कट उडवायला हवेचा पाइप वापरत असाल तर तोही बघा. त्याची शिट्टी वरच्या पट्टीतली असते, नेमकी कानाच्या नाजूक जागेवर बसणारी. दाब कमी करा, कमी आवाजाचं तोंड मिळतं ते बसवा.

पुढेमागे माग बदलायचे असतील तर रॅपियर मागात धागा पट्टीने किंवा दांड्याने ओढून नेतात, धोटा नसल्यामुळे त्याचा ठोका जातो. पण शेड ८५ च्या खाली येईल असं समजू नका, वेगही वाढलेला असतो. हवेच्या झोताने धागा फेकणाऱ्या एअरजेट मागाचा आवाज तर चांगलाच मोठा असतो. नवीन यंत्र घेताना विक्रेत्याकडून आवाजाचा आकडा लेखी मागून घ्या.

आता प्लग. तुमचे दोन्ही प्रयत्न का फसले याचा मला अंदाज आहे, कारण असे खोके मी खूप कारखान्यांत बघितले. दिवाणजींनी पगाराच्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर एक जोडी ठेवली असेल. कसं घालायचं कुणी दाखवलं नसेल. स्पंजचा प्लग तेलकट बोटांनी अर्धवट खुपसला, तो कानात फुगला, पाच मिनिटांत खाज सुटली, घाम आला, आणि आवाज काही कमी झाला नाही. मग कोण घालेल?

प्लगच्या पाकिटावर एनआरआर म्हणून आकडा असतो, प्लग किती डेसिबल रोखतो ते सांगणारा, समजा २९. तो प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकन तपासणी खात्याची सावध रीत अशी: त्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं धरा. राहिले ११. तुमच्याकडे समजा ९८ डेसिबल असतील तर त्यांचे ८७ झाले, म्हणजे अजूनही जास्तच. नीट बसवलेला तोच प्लग २० च्या वर रोखू शकतो. हा सगळा फरक बसवण्याचा आहे, किमतीचा नाही. हात धुवायचे. प्लग बोटांत वळून बारीक वात करायची. डोक्यावरून दुसरा हात नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. आरशात समोरून बघितलं तर नीट बसलेला प्लग जवळजवळ दिसत नाही. बाहेर टोक लोंबत असेल तर तो बसलेला नाही.

मागाच्या शेडला मी स्पंजपेक्षा सिलिकॉनचा, तीन कडांचा, दोरी असलेला प्लग सुचवते. हात तेलकट असतात, घाम येतो, स्पंज धुता येत नाही आणि त्यातून कानाला बुरशी धरते. सिलिकॉनचा रोज साबणाने धुता येतो, दोरीमुळे कापडात पडत नाही. मात्र त्याची मापं असतात. एकच माप सगळ्यांना देऊ नका. काही माणसांचे दोन कान दोन मापांचे असतात. ज्याचा कान वाहतो, त्याला प्लग नको. आधी डॉक्टर, आणि तोवर बाहेरून बसणारे इअरमफ. मफ उकाड्यात दिवसभर कुणी घालणार नाही, पण जॉबरला तासभराच्या कामासाठी ते उत्तम. कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. इअरफोन तर उलटा घातक, कारण शेडच्या आवाजावर मात करायला गाणं त्याहून मोठं लावावं लागतं.

हे सगळं एकेका माणसाला, एका वेळी एकाला, माग बंद करून, दहा मिनिटं देऊन शिकवावं लागतं. आणि इथे खरी मेख आहे. तुमच्याकडे मजुरी पिकेवर आणि मीटरवर आहे. माग थांबला की त्याचा पैसा थांबला. मग तो शिकायला, तपासणीला का येईल? त्या वेळेची मजुरी धरून द्या, आणि देणार हे आधी सांगा. मी पाहिलेल्या कारखान्यांमध्ये प्लग टिकला तो जिथे हे झालं आणि जिथे मालक स्वतः शेडमध्ये शिरताना प्लग घालून शिरला तिथे. तुम्ही दिवसातून पाच वेळा उघड्या कानांनी आत जात असाल तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

कामगार म्हणतील, “प्लग घातला तर मागाचा आवाज कळत नाही, धागा तुटलेला समजत नाही.” ही सबब समजू नका. त्यांचं कसब आवाजावर उभं आहे. त्यांना सांगा की प्लग माग बंद करत नाही, सगळ्याच आवाजांचा जोर कमी करतो. ज्याचे कान अजून चांगले आहेत त्याला उलट फरक जास्त स्पष्ट कळतो, कारण फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळलेला असतो. पण मेंदूला नवी ओळख व्हायला दोनेक आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात पाळीचे पहिले चार तास, मग सहा, मग पूर्ण, असं वाढवत न्या. मात्र शेवटी पूर्ण पाळी हवी. बारा तासांत ३० डेसिबल रोखणारा प्लग अर्धाच तास काढून ठेवला तर एकूण फायदा १४ डेसिबलच्या आत येतो. त्या अर्ध्या तासात उरलेल्या साडेअकरा तासांपेक्षा जास्त मार बसतो. प्लग काढायचा तो शेडबाहेर येऊन.

ज्यांचं ऐकणं आधीच कमी झालं आहे त्यांची तक्रार मात्र खरी असते. प्लगने त्यांचं उरलंसुरलंही झाकलं जातं. त्यांना फार जास्त आवाज रोखणारा प्लग देऊ नका, कानापर्यंत ७५ ते ८० डेसिबल पोहोचतील इतपतच द्या. हाक मारण्याऐवजी त्यांच्या मागांवर दिवा लावा.

तपासणीबद्दल थोडंच. प्रत्येक कामगाराची कामाला लागतानाच एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने ऐकण्याची तपासणी, मग दरवर्षी. सुट्टीनंतर, पाळीवर जाण्याआधी करायची, म्हणजे कानाला किमान १४ तास शांतता मिळालेली असेल. कारखान्याच्या ऑफिसात, शेजारी माग चालू असताना घेतलेली शिबिरं मी बघितली आहेत. त्या आलेखांत सगळ्यांचं खालच्या पट्टीतलं ऐकणंही ४० डेसिबलने कमी दिसतं. तो दोष खोलीचा असतो आणि तो कागद फेकून द्यायच्या लायकीचा असतो. तपासणी शांत खोलीत, शक्यतो दवाखान्यातच करा, ३००० आणि ६००० हर्ट्झही मोजायला सांगा, आणि कागदाची एक प्रत कामगाराला द्या. २०००, ३००० आणि ४००० मिळून सरासरी १० डेसिबलने घसरली तर पुढच्या वर्षाची वाट न बघता त्याचा प्लग, त्याचे माग, त्याची जागा पुन्हा तपासा. कुणाला क्षयासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं झाली असतील तर ते डॉक्टरला सांगा, त्यानेही कान जातो.

आता तुमचा बावन्न वर्षांचा कामगार. त्याला या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या, सोबत तुम्ही जा. मळ किंवा पडद्याचं काही असेल तर ते बरं होणारं आहे, ते आधी वगळू द्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर एक दिवसही थांबू नका, तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. आवाजामुळेच झालं असेल तर गोंगाटाने येणारा बहिरेपणा सरकारला कळवायच्या आजारांच्या कायदेशीर यादीत आहे. कर्मचारी विमा आणि नुकसानभरपाईसाठीच्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही तो आहे. त्याच्या नोकरीची वर्षं, पाळ्या, सांभाळलेले माग, आवाजाची मोजणी हे सगळं लिहून त्याच्या हाती द्या. मालक या कागदाला घाबरतात, मला माहीत आहे. पण तो त्याचा हक्क आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणजे तुम्हाला त्याची काळजी आहे.

त्याला भिंतीपलीकडे घडीच्या कामावर घेता येत असेल तर घ्या, मजुरी कमी न करता. श्रवणयंत्र मिळालं तर ते घालून मागांमध्ये जायचं नाही. ते आवाज वाढवतं आणि बंद ठेवलं तरी प्लगचं काम करत नाही. आणि घरच्यांना बोलावून एवढं सांगा: समोर या, तोंड दिसू द्या, टीव्ही बंद करा, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. ओरडू नका. ओरडल्याने ‘आ’ आणि ‘ओ’ मोठे होतात आणि ते त्याला आधीपासूनच ऐकू येतात. ‘स’ आणि ‘त’ तो आता तुमच्या ओठांवरून वाचतो.